पाण्यावरची यंत्रे – 7 : जुन्या स्की-बोटीच्या इंजिनाची निगा

वॉटर-स्कीइंगसाठी बांधलेल्या बोटीत इंजिन मागच्या टोकाला टांगलेले नसते. ते बोटीच्या मधोमध, तळावर बसवलेले असते. त्यातून निघालेला शाफ्ट तिरका खाली उतरतो, तळातून बाहेर पडतो आणि पंखा फिरवतो. वजन मध्यावर राहिल्याने बोटीमागची लाट बुटकी व गुळगुळीत उठते, आणि स्की करणाऱ्याला तशीच लाट हवी असते. अमेरिकेत 1961 साली आलेली स्की नॉटीक आणि 1968 मध्ये टेनेसी राज्यात सुरू झालेली मास्टरक्राफ्ट ही या घडणीची ठळक नावे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अशा पुष्कळ बोटींत फोर्डचे 351 घनइंची, म्हणजे सुमारे 5.8 लिटरचे, व्ही-8 पेट्रोल इंजिन सापडते.

हे इंजिन मुळात मोटारगाडीचे. बोटीत बसवताना मात्र त्याची थंड होण्याची व्यवस्था, विजेचे भाग आणि कार्ब्युरेटर बदललेले असतात. जुन्या बोटींचे मोठे बिघाड बहुधा हे बदल न ओळखल्यामुळेच होतात.

पहिला फरक पाण्याचा. या बोटींत सहसा रेडिएटर नसतो. ज्या तळ्यात बोट चालते त्याचेच पाणी इंजिनातून फिरते. तळाच्या छिद्रातून पंप ते ओढतो. बहुतेक रचनांत ते आधी गिअरबॉक्सच्या ऑइल-कूलरमधून जाते, मग इंजिनाच्या ब्लॉकमध्ये फिरते, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पोकळ भिंतींतून वाहते आणि शेवटी धुरात मिसळून मागून बाहेर पडते. हे शेवटचे मिसळणे फार महत्त्वाचे आहे. बोटीचे एक्झॉस्ट पाइप रबराचे असतात आणि पाणी थांबले की काही मिनिटांत ते करपू लागतात. म्हणून इंजिन सुरू होताच मागच्या तोंडातून पाणी पडते आहे का, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. बोट ट्रेलरवर असताना पंपाला बाहेरून पाणी जोडल्याशिवाय इंजिन क्षणभरही चालवू नये.

या सगळ्या प्रवाहाचा भार रबराच्या एका लहानशा चक्रावर असतो. त्याला इम्पेलर म्हणतात. त्याची लवचीक पाती पंपाच्या घरात वाकून फिरतात आणि पाणी पुढे ढकलतात. त्यांना वंगणही पाण्याचेच मिळते. कोरडी फिरली तर घर्षणाने ती पाहता पाहता फाटतात. पंपाचे झाकण चार-सहा स्क्रू काढले की उघडते. बाहेर काढलेल्या इम्पेलरची पाती एका बाजूला कायमची वाकलेली दिसली, मुळाशी बारीक चीर दिसली किंवा रबर कडक लागले, तर तो बदलायचा. खरे तर मोसमाच्या सुरुवातीला दरवर्षी नवा घालणेच शहाणपणाचे, कारण त्याची किंमत इंजिनाच्या तुलनेत नगण्य आहे. एखादे पाते तुटलेले निघाले तर काम तिथे संपत नाही. तो तुकडा पाण्याबरोबर पुढे गेलेला असतो आणि बहुधा ऑइल-कूलरच्या तोंडाशी अडकतो. नळी सोडून तो शोधावा. सगळे तुकडे जुळवून पाती पुरी भरेपर्यंत शोध थांबवू नये. नाहीतर नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापतच राहते.

ऑइल बदलण्याची अडचण वेगळी. इंजिनाचे चेंबर तळाला इतके लागून असते की खाली भांडे सरकवायला जागा उरत नाही. त्यामुळे इंजिन गरम करून डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ऑइल ओढून घेतात. साधारण 50 तासांनी, आणि मोसम संपताना नक्की, ऑइल व फिल्टर बदलावा. जुने ऑइल हिवाळाभर आत ठेवू नये, कारण त्यातले आम्ल आणि ओलावा बेअरिंगला खातात. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे; कारण सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नये. गिअरबॉक्सचीही हीच परीक्षा. जुन्या स्की-बोटींत बहुधा बोर्ग वॉर्नरचा वेल्व्हेट ड्राइव्ह असतो आणि त्यात लाल रंगाचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड भरतात. ते गुलाबी, फेसाळ झाले तर कूलर आतून फुटला आहे असे समजावे.

दुसरा फरक आगीचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत ती रस्त्यावर विरून जाते. बोटीत ती इंजिनाखालच्या खोलगट तळात साचते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून बोटीचे स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचणार नाही असे बांधलेले असतात. बोटीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जास्त झाले तर ते बाहेर सांडण्याऐवजी इंजिनाच्या घशातच उतरते. गाडीच्या दुकानात मिळणारा भाग हुबेहूब तसाच दिसतो, बसतोही आणि स्वस्तही पडतो, पण तो बोटीत बसवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. कार्ब्युरेटरच्या तोंडावरचा, ज्वाळा बाहेर येऊ न देणारा फ्लेम अरेस्टर अमेरिकेत 25 एप्रिल 1940 नंतर बसवलेल्या बोटीतल्या पेट्रोल इंजिनांना कायद्याने सक्तीचा आहे. तो काढून धुवावा, वाळवावा आणि परत घट्ट बसवावा. इंजिन सुरू करण्यापूर्वी तळातली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर किमान 4 मिनिटे चालवावा. त्यानंतरही नाकाने वास घेऊन खात्री करावी.

प्लग, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि तारा यांची देखभाल गाडीसारखीच, मात्र एक सावधगिरी हवी. काही स्की-बोटींची इंजिने गाडीच्या उलट दिशेने फिरतात. फोर्डच्या नेहमीच्या 351 विंडसर इंजिनाचा फायरिंगचा क्रम 1-3-7-2-6-5-4-8 असतो. उलट फिरणाऱ्याचा 1-8-4-5-6-2-7-3. तारा काढण्यापूर्वी त्यांवर क्रमांक चिकटवावेत.

शाफ्ट तळातून जिथे बाहेर पडतो तिथे ग्लँड असते आणि तिच्यात पॅकिंगची दोरी भरलेली असते. शाफ्ट फिरत असताना तिथून थेंब थेंब पाणी गळायलाच हवे, कारण त्यानेच ती थंड राहते. गळती पूर्ण थांबावी म्हणून नट आवळत गेल्यास दोरी जळते आणि शाफ्टवर चरे पडतात. इंजिन व शाफ्ट एका रेषेत आहेत का हे पाहण्यासाठी त्यांचे कपलिंग सोडून दोन्ही तोंडांमधली फट फिलर गेजने चारी बाजूंनी मोजतात. ती कुठेही 3 हजारांश इंचापेक्षा, म्हणजे सुमारे 0.08 मिलिमीटरपेक्षा, जास्त बदलू नये. हे माप बोट पाण्यात असताना घ्यावे, कारण ट्रेलरवर तिचा तळ किंचित वाकतो.

राहिले हिवाळ्याचे काम, आणि पुष्कळ जुनी इंजिने बाद होतात ती इथेच. पाणी गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगते. ब्लॉकमध्ये अडकलेले पाणी ओतीव लोखंडाला सरळ चीर पाडते. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना खाली एकेक ड्रेन प्लग असतो, दोन्ही मॅनिफोल्डना वेगळे असतात. शिवाय पंप, कूलर आणि खालच्या नळ्याही रिकाम्या कराव्या लागतात. प्लग काढल्यावर पाणी आले नाही तर आत पाणी नाही असे मानणे घातक ठरते. वर्षानुवर्षांचा गंज आणि वाळू भोकाशी दडून बसलेली असते. जाड तार आत घालून खरवडावे. आधी तांबूस चिखल येतो, मग एकदम धार लागते. ती आटेपर्यंत थांबावे. काढलेले सर्व प्लग एका पिशवीत घालून ती स्टिअरिंगला बांधावी, म्हणजे वसंतात प्लग न बसवता बोट पाण्यात उतरवली जाणार नाही.

पुढील भागात : जुन्या बोटीतील वायरिंग आणि बॅटरी.