गांधीजींच्या तिकिटावरील ‘सर्व्हिस’ खरे की खोटे?

स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, टपाल खात्याने महात्मा गांधींची चार तिकिटे प्रसिद्ध केली. स्वित्झर्लंडमध्ये छापलेल्या या मालिकेच्या १०० संचांवर गव्हर्नर जनरलच्या सरकारी वापरासाठी ‘सर्व्हिस’ हा शब्द छापण्यात आला. त्यांपैकी दहा रुपयांची ४ तिकिटे २०१७ मध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली. साध्या तिकिटावर हाच शब्द छापून संग्राहकांना फसविण्याचा मोह होतो, तो यामुळेच.

खरेदीपूर्वी अक्षरांची ठेवण भिंगाखाली अस्सल नमुन्याच्या छायाचित्राशी ताडून पाहावी. तिकीट वापरलेले असल्यास ‘सर्व्हिस’ची शाई टपालाच्या शिक्क्याखाली असावी, ती शिक्क्यावर चढलेली दिसली, तर शब्द नंतर छापला असे समजावे. कोऱ्या तिकिटाला पुन्हा डिंक लावला असल्यास तो कडेच्या दात्यांत मुरून ते ताठर होतात. कडा नव्याने पाडली असल्यास तिकिटाची रुंदी अस्सल तिकिटापेक्षा कमी भरते. उजेडासमोर धरल्यास पातळ झालेला किंवा डागडुजी केलेला कागद उघडा पडतो.

एवढ्यावरही शंका उरल्यास तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राविना व्यवहार करू नये. तिकीट बनावट ठरल्यास पैसे परत मिळतील, ही अट विक्रेत्याकडून आधीच लेखी घ्यावी.