दळणात सोयाबीन घालू की नको?

दसऱ्याच्या सुमारास राळेगावच्या घराघरांत सोयाबीन येते. पोती बाजारात जातात, पायलीभर घरी राहते. यंदा शेजारच्या काकूंनी मला अंगणातच थांबवले. "काहो, सोयाबीननं म्हणे छातीत गाठ होते! सुनेनं मोबाइलवर वाचलं. दळणातलं सारं वेचून काढलं मी."

मैत्रिणींनो, ही भीती आली कुठून? सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाचे द्रव्य असते. त्याची ठेवण इस्ट्रोजेन या आपल्या शरीरातल्या स्त्रीसंप्रेरकासारखी, आणि स्तनाचे बरेच कर्करोग इस्ट्रोजेनवर पोसतात. प्रयोगशाळेत उंदरांना हे द्रव्य दिले तेव्हा अशा काही गाठी वाढल्या. झाले, बोभाटा झाला! पण उंदराच्या शरीरात त्या द्रव्याचे जे होते ते आपल्या शरीरात तसेच होत नाही, आणि त्याचा जोरही इस्ट्रोजेनपेक्षा फार कमी.

शांघायमध्ये टोफू नि सोयादूध रोजचेच. तिथल्या, स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या ५,०४२ स्त्रियांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. जास्त सोया खाणाऱ्यांत रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण कमीच निघाले. म्हणून हुरळून जाऊ नका बरं का! तिकडे लहानपणापासून सोया खातात. आपण पंचेचाळिशीत वड्यांची भाजी सुरू केली तर तेवढाच फायदा होईल, असे नाही.

तेव्हा दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन चांगले भाजून खुशाल घाला. कच्चे नको, ते पचत नाही. सोयाबीनच्या तेलात तर हे द्रव्य जवळजवळ नसतेच. पाळी जाण्याच्या वयात घेतात त्या आयसोफ्लेवोनच्या गोळ्यांची गोष्ट मात्र निराळी. कर्करोगाचे उपचार झालेल्या बाईने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सोया यांच्यात काही तासांचे अंतर ठेवा.

हे सारे ऐकून काकू हळूच म्हणाल्या, "डाव्या बाजूला वाटाण्याएवढं काही लागते. पोळ्यापासून आहे. दुखत नाही, म्हणून बोलले नाही."

सोयाबीन फेकले आणि गाठ तशीच ठेवली! अहो, स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर मोठा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची स्तनतपासणी शिकवून तयार केलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली. यंत्र नाही, सुई नाही. त्यांच्यात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. तिशीपुढच्या स्त्रियांसाठी अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य असते. आशाताईंना विचारा, लाजू नका. गाठ हाताला लागली असेल तर वयही पाहू नका, सरळ डॉक्टर गाठा.

काकू परवा सुनेबरोबर वर्ध्याला जाऊन आल्या. सुई घालून गाठीतला तुकडा तपासायला घेतलाय, निकाल सोमवारी. दळण मात्र काल गिरणीत गेले, सोयाबीन घालून.