युरिकेज : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी अंगठ्याच्या ठणक्याने बेजार झालेला इसम रक्त तपासून घेतो, तेव्हा अहवालातील युरिक आम्लाचा आकडा बहुधा युरिकेज नावाच्या विकराच्या दाखल्यावर ठरलेला असतो; आणि हे विकर पुष्कळदा जीवाणूंपासून मिळविलेले असते. युरिक आम्लाच्या विघटनातून निघालेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे द्रावणास रंग चढतो व त्याच्या गडदपणावरून आम्लाचे मोजमाप होते. तरीही या विकराविषयी अनेक भ्रामक कल्पना रूढ आहेत.

गैरसमज : बहुतेक सस्तन प्राण्यांत असलेले हे विकर मनुष्यातही असणारच.
वस्तुस्थिती : मानव आणि कपी यांच्या पूर्वजांत सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी त्याचे जनुक निकामी झाले, त्याचे अवशेष आपल्या जनुकीय दफ्तरात आहेत, परंतु त्यांचा अंमल चालत नाही.

गैरसमज : प्राणवायूशी व्यवहार करणाऱ्या विकरास धातूची वा अन्य सहघटकाची मदत लागतेच.
वस्तुस्थिती : युरिकेजमध्ये यांपैकी काहीच नसते. चार समान उपघटक एकत्र येऊन मधोमध बोगदा असलेली रचना सिद्ध होते आणि दोन उपघटकांच्या सीमेवर एक, अशी चार क्रियास्थाने तिच्यात असतात. तेथे लायसिन व थ्रिओनिन यांच्या साहाय्याने युरिक आम्लाचा प्रोटॉन काढून घेतला जातो आणि इलेक्ट्रॉन थेट प्राणवायूकडे जातात.

गैरसमज : प्राणवायूचा अणू आम्लास जोडला जाऊन ॲलन्टॉइन तयार होते.
वस्तुस्थिती : प्राणवायू हायड्रोजन पेरॉक्साइड होऊन बाहेर पडतो, आम्लास जोडला जाणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो. शिवाय तयार होते ते ५-हायड्रॉक्सीआयसोयुरेट हे अस्थिर संयुग; त्यापासून सुविद्राव्य ॲलन्टॉइन करण्याचे काम पुढील दोन विकरांकडे असते.

गैरसमज : सर्व जीवाणूंची रीत एकच.
वस्तुस्थिती : क्लेब्सिएला न्यूमोनी या जीवाणूतील एचपीएक्सओ हे विकर तेच संयुग निराळ्या मार्गाने घडविते. ते फ्लाविन बाळगते, एनएडीएच खर्च करते, प्राणवायूचा एक अणू आम्लास जोडते आणि दुसऱ्याचे पाणी करते. त्यामुळे पेरॉक्साइड निर्माण होत नाही.

गैरसमज : औषधी युरिकेज जीवाणूंचेच असते आणि ते कोणासही चालते.
वस्तुस्थिती : रासबुरिकेजचे जनुक ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे असून ते यीस्टमध्ये तयार केले जाते, पेग्लोटिकेज हे डुक्कर व बबून यांच्या जनुकांच्या मिश्रणातून ई. कोलाय जीवाणूकडून घडविले जाते. दोन्ही शिरेतून द्यावी लागतात. पहिले प्रामुख्याने कर्करोगाच्या उपचारात युरिक आम्ल एकाएकी वाढते तेव्हा आणि दुसरे इतर उपायांना दाद न देणाऱ्या जुनाट गाउटमध्ये वापरतात. जी६पीडी विकराची जन्मजात उणीव असलेल्या रुग्णास ही औषधे वर्ज्य आहेत, कारण निर्माण होणाऱ्या पेरॉक्साइडने त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

सबब, ‘युरिक आम्ल विरघळविणारे जंतू’ अशी जाहिरात वाचून कोणी पुड्या विकत घेऊ नयेत. अहवालातील आकडा वैद्यास दाखवावा आणि उपचाराचा निर्णय त्याच्यावर सोपवावा.