अमरावतीहून एक दिवस: आधी अचलपूर, मग गाविलगड

हाती एकच दिवस असेल तर ठिकाणांची संख्या न बघता दिशा बघून सहल ठरवावी. परतवाड्याच्या रस्त्याला इमादशाहीची राजधानी अचलपूर आहे आणि तिथूनच पुढे घाट चढला की तिची राखण करणारा गाविलगड. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी हा गड घेतला आणि दोनच दिवसांत भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. वऱ्हाडाचा एवढा इतिहास एकाच वाटेवर दुसरीकडे मिळणं कठीण.

चिखलदऱ्याचे पॉईंट सुटतात, ही तक्रार रास्त आहे. पण पावसाळ्यात दऱ्या बहुधा धुक्यात बुडालेल्या असतात. गडाचे दरवाजे मात्र धुक्यातही जवळून बघता येतात. अकोल्याहून निघणाऱ्यांनीही उत्तरेचा नरनाळा आणि पश्चिमेचं बाळापूर एका दिवसात कोंबू नये.