कानशिलावरचा दोनशेचा आकडा

अंधेरी-घाटकोपरच्या एखाद्या स्कॅन सेंटरात आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या एमआरआयवर लकव्याची खूण दिसली, की रिपोर्ट लिहिणारा थबकतो. या वयात? अशा वेळी मेंदूइतकंच रक्ताकडे पाहावं लागतं. सिकलसेलला उपनगरात ‘दुर्मीळ’ आजार म्हणतात. गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर हा शब्द कुणी वापरणार नाही. आणि डहाणू-पालघरचा आदिवासी पट्टा बोरिवलीपासून एका लोकलच्या अंतरावर आहे.

हिमोग्लोबिनच्या साखळीत एकच अमिनो आम्ल बदलतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्यांचं अस्तर खरवडत राहतात, धमनी आतून चिंचोळी होते. मग होतं ते मुंबईकराला सांगायला नको: जलवाहिनीत अडथळा आला, की पहिली टंचाई शेवटच्या टोकाच्या चाळीला. मेंदूतही दोन धमन्यांच्या हद्दीवरचा भाग आधी सुकतो. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही. पोरगं गणितात मागे पडतं आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. एमआरआयवर मात्र पांढरे ठिपके असतात. अमेरिकेतल्या पाहण्यांत मोठं होईपर्यंत साधारण तिघांपैकी एका मुलात असे मूक घाव सापडले.

पण एमआरआय दाखवतो ते झालेलं नुकसान. माझ्या मते खरं कौतुक त्याहून कितीतरी स्वस्त यंत्राचं करायला हवं. कानाच्या पुढे, कानशिलाचं हाड पातळ असतं तिथे डॉपलरची कांडी टेकवायची आणि रक्ताचा वेग मोजायचा. नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की धार जोरात उडते, तसंच इथे: चिंचोळी धमनी, वाढलेला वेग. सुई नाही, भूल नाही. सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा जास्त वेग भरला, तर धोक्याची घंटा.

रॉबर्ट अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये वेग वाढलेल्या 130 मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. नियमित रक्त चढवलेल्या गटात एकाच मुलाला लकव्याचा झटका आला, दुसऱ्या गटात अकरांना. प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला.

आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून तो ‘सौम्य’ समजला गेला. विदर्भातल्या वॉर्डांनी हा समज फारसा टिकू दिलेला नाही.

बोरिवली पूर्वेला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बालरक्तविकारांचं केंद्र आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सोयही तिथेच. भावंडाची मज्जा जुळली तर सुटका होऊ शकते. नाही जुळली, तर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त, आणि त्यातून साचणारं लोह काढायला वेगळं औषध. वेग उतरल्यावर रक्त बंद करून पाहिलंच होतं: 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 41 मुलांचं रक्त थांबवलं, चौदांचा वेग पुन्हा चढला, दोघांना झटका आला. म्हणजे पोर हसतंखेळतं असलं, तरी आईला मजुरीचा खाडा करून महिन्याची ती फेरी घालायचीच आहे.