अधिकचं चिन्ह आलं कुठून?

सगळे त्रिकोण समद्विभुज असतात, हे ‘सिद्ध’ करणं मुळीच अवघड नाही. अबक हा कोणताही त्रिकोण घ्या. कोन अ चा दुभाजक आणि बक बाजूचा लंबदुभाजक जिथे छेदतात तो बिंदू प. प पासून अब वर पय आणि अक वर पर हे लंब टाका. प कोनदुभाजकावर आहे, म्हणून पय = पर आणि अय = अर. तो लंबदुभाजकावरही आहे, म्हणून पब = पक. आता पयब आणि परक हे काटकोन त्रिकोण कर्ण-भुजा कसोटीने एकरूप; म्हणजे यब = रक. दोन्हीकडे बेरीज केली की अब = अक. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला यातली एकही पायरी अनोळखी नाही, आणि गंमत म्हणजे यातली एकरूपतेची एकही पायरी चुकीची नाही. चूक आहे ती शेवटच्या बेरजेत. कंपास-पट्टी घेऊन असमान बाजूंचा त्रिकोण नीट काढला, तर प त्रिकोणात पडतच नाही. तो बाहेर, परिवर्तुळावर पडतो. मग एका लंबाचा पाय बाजूवर येतो आणि दुसऱ्याचा वाढवलेल्या बाजूवर. म्हणजे एकीकडे बेरीज आणि दुसरीकडे वजाबाकी. हाताने घाईत काढलेल्या आकृतीने अधिकचं चिन्ह गुपचूप आत सरकवलं आणि आपण ते तपासलं नाही.

भूमितीत आकृती फसवते, तशी मोजणीच्या कोड्यांत आकड्यांची रांग फसवते. वर्तुळावर काही बिंदू घेऊन प्रत्येक दोन बिंदू जीवेने जोडायचे, आणि आत कुठेही तीन जीवा एका बिंदूत मिळू द्यायच्या नाहीत. वर्तुळाचे भाग किती होतील? एका बिंदूला 1, मग 2, 4, 8, आणि पाच बिंदूंना 16. सहा बिंदूंना 32 हे उत्तर तोंडावर येतंच. पण मोजले की भाग भरतात 31. हा एक भाग गेला कुठे, याचा शोध घेताना दुपटीचा नियम हा निव्वळ आपला समज होता हे कळतं. खरा हिशेब वेगळा आहे. सुरुवातीला भाग एक. प्रत्येक नवी जीवा आधीच्या जीवांना जितक्या ठिकाणी छेदते, त्याहून एकाने जास्त भाग वाढवते. म्हणजे एकूण भाग म्हणजे एक, अधिक जीवा, अधिक छेदनबिंदू. जीवेला दोन बिंदू लागतात, छेदनबिंदूला चार. सहांतून दोन निवडण्याचे प्रकार 15, चार निवडण्याचेही 15; म्हणून 1 + 15 + 15 = 31. बिंदू सुसम षट्कोनात मांडले तर तीन कर्ण मध्यावर मिळतात आणि भाग 30 च राहतात. सुरुवातीची अट शोभेची नव्हती, हेही त्यातच समजतं.

माझं म्हणणं असं, की सिद्धता लिहिण्याचं शिक्षण म्हणजे मुख्यतः आपण न सांगता काय गृहीत धरलं ते पकडण्याचं शिक्षण. आणि त्यासाठी या दोन प्रकारांइतकं स्वस्त साधन नाही. चूक दाखवायला शिक्षकाचा अधिकार लागत नाही. कंपास दाखवतो, मोजणी दाखवते. या शिक्षणात बंगळुरूचा वाटा मोठा आहे. भारतीय विज्ञान संस्थेत गणित ऑलिंपियाडचं काम वर्षानुवर्षं चाललं. तिथल्या सी. आर. प्राणेशाचार आणि बी. जे. वेंकटाचल यांनी व्ही. कृष्णमूर्ती व के. एन. रंगनाथन यांच्यासह लिहिलेलं ‘चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स’ देशभरच्या ऑलिंपियाडच्या तयारीत वापरलं गेलं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ही चैन स्पर्धेच्या हुशार मुलांसाठी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये दोन दिवस साडेचार-साडेचार तास, तीन-तीन प्रश्न असतात. तो घास सगळ्यांचा नव्हे, हे मान्य. पण वरच्या दोन्ही उदाहरणांना शालेय गणितापलीकडचं काही लागलं नाही. अवघड ते प्रश्न असतात. सवय अवघड नसते. बंगळुरूच्याच अझीम प्रेमजी विद्यापीठाचं ‘ॲट राइट अँगल्स’ हे 2012 पासूनचं नियतकालिक शाळेतल्या शिक्षकांसाठी निघतं, ते याच भरवशावर.

दुसरा आक्षेप नवा आहे: आता यंत्रच सिद्धता लिहितं. 2024 च्या ऑलिंपियाडचे सहापैकी चार प्रश्न गूगल डीपमाइंडच्या प्रणालींनी सोडवले, त्यांत भूमितीचाही होता. अडले ते मोजणीच्या अंगाने जाणारे दोन. 2025 मध्ये पाच सुटले, आणि राहिला तोही त्याच जातीचा. उद्या तेही सुटतील. पण यंत्राने दिलेला युक्तिवाद खरा की नुसता दिसायला नीटनेटका, हे ठरवणार कोण? समद्विभुज त्रिकोणाची ती सिद्धताही दिसायला नीटनेटकीच होती. म्हणून ‘सिद्ध करा’ या पाठ होऊ शकणाऱ्या प्रश्नाच्या जोडीला परीक्षेत आणखी एक प्रश्न हवा: ही सिद्धता चुकीची आहे, नेमकी पायरी दाखवा आणि ती का चुकते ते सांगा. चार गुण द्यावेत. पाठांतर करून ते मिळवता येणार नाहीत.