तळहातावरची पिवळी रेष

सकाळी ६.३०. लॅबचं शटर वर जातं तेव्हा बाकावर सात-आठ जण बसलेलेच असतात. सगळे उपाशीपोटी, म्हणून सगळेच चिडलेले.

७.१०. दोन भाऊ आले. दोघांनाही दहा वर्षांपासून शुगर, एकत्र कुटुंब, एकाच स्वयंपाकघरातलं जेवण. ‘‘काका, मूठ आवळा. हं, आता सोडा.’’ थोरल्यांची मूठ उघडली आणि तळहाताच्या रेषा पिवळ्या दिसल्या. हळद असेल म्हणून कापसाने पुसलं. निघेना.

८.३०. सेंट्रिफ्यूज थांबलं. धाकट्यांचं सीरम स्वच्छ, थोरल्यांचं तांदळाच्या धुवणासारखं गढूळ.

१०.००. थोरल्यांचं कोलेस्टेरॉल ३८६, ट्रायग्लिसराइड ४१२. फ्रीडवाल्डचं १९७२ चं सूत्र ४०० च्या वर चालत नाही, म्हणून एलडीएल थेट मोजलं: ११०. मग उरलेलं कोलेस्टेरॉल कुठे? एचडीएलचे ३८ सोडले, तर बाकीचं सगळं अर्धवट पचलेल्या चरबीकणांत, जे यकृताने केव्हाच उचलायला हवे होते.

हे कण यकृताला धरता येतात ते एपीओई नावाच्या प्रथिनामुळे. त्याचं जनुक १९ व्या गुणसूत्रावर असतं. त्याचा ई-टू प्रकार आई आणि वडील दोघांकडूनही आला, तर ही पकड ढिली पडते. तरीही अशा बहुतेकांचं काही बिघडत नाही. उलट त्यांचं एलडीएल कमीच असतं. मधुमेह आला की मात्र यकृत चरबीचे कण जास्त बनवतं, रक्तातली चरबी फोडणारं एन्झाइम मंदावतं, आणि इतकी वर्षं निमूट बसलेलं जनुक डोकं वर काढतं. सगळ्या मधुमेह्यांना ‘तेल कमी खा’ हा एकच तक्ता वाटणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळेच.

११.४५. डॉक्टरांना फोन केला. पिवळ्या रेषा ऐकताच म्हणाले, ‘‘एपीओई पाठवा.’’

दुपारी चाळीस रिपोर्टांवर सह्या. डबा तीन वाजता.

४.३०. भाऊ रिपोर्ट न्यायला आले. थोरले कागदाकडे बघत राहिले. ‘‘अहो, तूप हा खातो माझ्या दुप्पट!’’ धाकटे हसले नाहीत. हळूच म्हणाले, ‘‘ताई, आई-बाप तर आमचे एकच. माझीपण करा ना ती तपासणी.’’

‘‘डॉक्टरांकडून चिठ्ठी आणा. सकाळची जांभळ्या झाकणाची नळी फ्रिजमध्ये आहे, पुन्हा टोचायला नको.’’

५.१५. कुरिअरवाला बर्फाचा डबा घेऊन दारात. त्याला दहा मिनिटं थांबवलंय.